शिबिर नको, वारी करा

तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी आली की आमचं टेबल लागतं. टेबल म्हणजे शाळेतले दोन बाक जोडून वर अंथरलेली पांढरी चादर, एक बीपीचं मशीन, औषधांची तीन खोकी आणि पाय धुवायला कोमट पाण्याचं घमेलं. बेलवाडीचं रिंगण करून, अंथुर्णे-शेळगाव मागे टाकून आलेले पाय रात्री आठ-साडेआठला या टेबलापुढे येऊन थांबतात. टाचेला फोड, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, अंगात कसकस, पोटात कळ. "माउली, जरा बघा." आम्ही बघतो. पुण्याहून आलेले दोन-तीन तरुण डॉक्टर, बारामतीच्या एक निवृत्त डॉक्टर मॅडम, कॉलेजची काही मुलं आणि गोळ्या द्यायला मी. शासनाचं पथक शेजारीच असतं, दुचाकीवरचे आरोग्यदूत फिरत असतात, रुग्णवाहिका उभ्या असतात, तरी आमच्यापुढची रांग हटत नाही. पहाटे चादर झटकायची, खोकी बांधायची. तोवर पालखी इंदापूरच्या वाटेला लागलेली असते.

काही वर्षांपूर्वी या रांगेत परभणीकडची एक म्हातारी आली. पाय दुखतात म्हणाली. तरुण डॉक्टरनं पायाला मलम दिलं आणि सहज म्हणून दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी १९०/११०. पुन्हा मोजलं, तेवढंच. खोक्यात अॅम्लोडिपिन होती, पण रांग पाहून पुरवून द्यायची होती. त्यानं पाच लिहिल्या. मी खाकी पाकिटात पाच गोळ्या घातल्या आणि पाकिटावर पेनानं एक सूर्य काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही आमची जुनी लिपी आहे: सूर्य म्हणजे सकाळी, चंद्रकोर म्हणजे रात्री. "आजी, रोज सकाळी एक. संपल्या की गावच्या सरकारी दवाखान्यात दाखवा." "बरं माउली," म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी ती परत आली. मला ओळख नव्हती, तिला होती. पिशवीतून प्लॅस्टिकचा कागद काढला, त्यातून माझं खाकी पाकीट. सूर्य पुसट झाला होता. आत एक गोळी शिल्लक.

"बाकीच्या चार कधी खाल्ल्या?"

"डोकं लईच गरगरलं की एक. पुरवून पुरवून खाल्ल्या. ही ठिवली. म्हणलं, अवंदा तुम्ही भेटताय का न्हाई."

तिचं चुकलं काय? पाच गोळ्या आणि ३६५ दिवस असं गणित आम्हीच तिच्या पदरात टाकलं होतं. तिनं ते तिच्या परीनं सोडवलं.

मी औषधनिर्माता. म्हणजे सरकारी कागदावर औषध निर्माण अधिकारी, गावच्या तोंडी कंपाउंडर. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३१ वर्षं गोळ्या मोजल्या आणि निवृत्त झालो. तेव्हा फुकट दवाखाना चालवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल जे लिहितो आहे ते बाहेरून लिहीत नाही. टेबलाच्या अलीकडे मीच बसलेला असतो.

वारकरी आणि आम्ही यांच्यातला फरक मला त्या पाकिटानं दाखवला. एकदा पंढरपूरला जाऊन आलेल्या माणसाला कुणी वारकरी म्हणत नाही. माळ घालायची, नेम धरायचा आणि दर वर्षी जायचं, पेरणी झालेली असो वा नसो. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला, त्याला सव्वातीनशे वर्षं उलटून गेली, ती या नेमाच्या जोरावर. आणि अशा नेमाच्या माणसांची सेवा करायला आम्ही काय घेऊन जातो, तर शिबिर. शिबिर या शब्दाचा अर्थच तंबू, छावणी. आज ठोकली, उद्या उखडली. ज्या म्हातारीनं वर्षभरानं त्याच गावात, त्याच टेबलापुढे परत येऊन दाखवलं, तिला आम्ही पाच दिवसांचं औषध दिलं होतं.

फोड, चिखल्या, जुलाब यांना शिबिर पुरतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती सेवा मोलाचीच आहे. पण वारीतसुद्धा दर वर्षी टेबलावर जास्त काय सापडतं? बीपी आणि साखर. हे आजार एका भेटीत बरे होत नाहीत, जन्माची सोबत करतात. त्यांना एकदा तपासून सोडून दिलं तर माणसाच्या डोक्याला फक्त घोर लागतो.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्यांवर बोट दाखवल्यासारखं होणार नाही. नोकरीत असताना बीपीच्या पेशंटला मी सात गोळ्या द्यायचो. कधी कधी पाच. साठा कधी येईल याचा भरवसा नसायचा आणि आलेला पुरवायचा असायचा. टेबलावरून रोज शंभर-सव्वाशे केसपेपर जायचे. प्रत्येकाला तीस दिल्या तर महिन्याच्या मध्यावर कपाट रिकामं आणि माझ्या नावानं शिमगा. म्हणून सात. मला तो काटकसरीचा शहाणपणा वाटायचा. पण सहा किलोमीटरवरून येणाऱ्या मजुराला सात गोळ्या म्हणजे महिन्यातून चार खेपा आणि चार बुडालेले रोज. दोन खेपा तो करायचा, तिसरीला यायचा नाही. आम्ही रजिस्टरवर लिहायचो, "पेशंट अनियमित". अनियमित आमची खिडकी होती, हे लिहायला रकाना नव्हता.

२०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. आमच्या शेजारचा सातारा जिल्हा त्यात पहिल्या फेरीपासून होता. त्याचे नियम वाचले तेव्हा मी निवृत्तीच्या बेतात होतो. ठरलेली एक-दोन औषधं, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, जो येणार नाही त्याला फोन. एवढंच. यात मोठं शास्त्र काय आहे? काहीच नाही. मला नोकरीत कुणी शिकवलं नाही आणि माझं मला सुचलं नाही.

माझ्या चुलतभावाला बीपी आहे हे एका महाआरोग्य शिबिरात कळलं होतं. मंडप, फ्लेक्स, सनई, भाषणं. त्याच्याकडे त्या शिबिराचं रंगीत कार्ड होतं, ते त्यानं देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं. पुढची सहा वर्षं त्यानं गोळी घेतली नाही. म्हणायचा, "मला कुठं काय होतंय?" मीही घरचाच कंपाउंडर, दिवाळीला भेटलो की "गोळी चालू आहे ना रे?" एवढं विचारायचो, तो "हो" म्हणायचा, आणि आम्ही करंजी खायचो. एके दिवशी पहाटे गोठ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. इंदापूर, तिथून बारामती, तिथून पुणे. नऊ दिवस एका मोठ्या रुग्णालयात होता. बिल शून्य. सगळा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. मी योजनेचे आभारच मानतो. नसती तर अर्धा एकर गेला असता. पण जी गोळी त्यानं खाल्ली असती तर बहुधा हे टळलं असतं, तिची दहाची पट्टी जनऔषधी दुकानात हॉटेलातल्या कपभर चहापेक्षा महाग नाही, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकटच असते.

आमच्याकडे विमा म्हटलं की पीकविमा. एक रुपयात पीकविमा आला तेव्हा गावोगावी रांगा लागल्या. माणसाच्या विम्याचं तसं झालं नाही, तो आपोआपच गळ्यात आला. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये फुल्यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. २०२४ च्या जुलैपासून तर कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. म्हणजे कागदावर बारामती-इंदापुरात विम्याविना माणूस जवळपास उरलेलाच नाही. देशाच्या हिशेबातही फरक दिसतो: आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे.

पण हा विमा खाटेचा आहे. खाटेवर आडवं झाल्याशिवाय तो जागा होत नाही. धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठीच्या राखीव खाटा, त्याही खाटाच. तुम्ही आपल्या पायांनी चालत येऊन "डॉक्टर, चक्कर येतेय" म्हणालात तर केसपेपर, साखरेची तपासणी, महिन्याच्या गोळ्या यांना ही कार्डं चालत नाहीत. गरिबाचा रोजचा आजार खाटेआधीचा असतो. तिथं त्याचा विमा म्हणजे सरकारी ओपीडी, नाही तर गावातला डॉक्टर, जो सुई मारून दीडशे रुपये घेतो आणि संध्याकाळी सातलाही उघडा असतो. गावातल्या डॉक्टरला मी नावं ठेवणार नाही. उघडा असतो, हाच त्याचा मोठा गुण आहे.

सरकारी ओपीडी फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. पैसे हा आता तिथला अडसर राहिलेला नाही. अडसर वेळेचा आहे, आणि तो कुणाला कसा नडतो ते ऊसतोडीच्या हंगामात येऊन बघा.

दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या बाजूला कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, पडतात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या टोळ्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हात थांबवायचा नाही. पहाटे चारला थळात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती रात्री अकराला का येईना. दवाखान्याची सकाळची ओपीडी या बाईच्या दिवसात बसते कुठे? दवाखान्यात गेली तर खाडा. खाड्याचे पैसे उचलीत मांडले जातात. म्हणून ती जात नाही. दुखणं अंगावर काढते, अगदीच असह्य झालं की मुकादम सांगेल त्या डॉक्टरकडे जाते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. आपण सगळे हळहळलो. पण त्यातल्या कित्येक बायका हंगामाचे पाच-सहा महिने ज्या फडात असतात, तो फड आपल्या दारात आहे. त्यांचं गाव बीडला असलं तरी त्यांचं दुखणं नोव्हेंबर ते मार्च बारामती-इंदापूरचंच असतं.

सणसर-भवानीनगरच्या भागात एका देवळाच्या ओट्यावर आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ बसतो. आम्ही म्हणजे डॉक्टर मॅडम, एक निवृत्त सिस्टर आणि मी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, फ्लेक्स तर नाहीच. एक वही आहे. परभणीच्या आजीनंतर सुरू केलं. वार गुरुवारच का, तर मॅडमना गुरुवारीच जमायचं. सातच का, तर सातला फडातून माणूस परततो.

सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. फुकट औषध म्हटलं की माणूस आधी संशय घेतो, आणि ते बरोबरच आहे. फुकट गोष्टींचा त्याचा अनुभव काही चांगला नाही. कुणी विचारायचं, "निवडणूक आलीय का?" कुणाला सुई हवी असायची, सलाईन हवं असायचं, नुसत्या गोळ्या म्हणजे यांना काही येत नाही असा समज. मॅडम एका बाईला पंधरा मिनिटं समजावत होत्या की तुझ्या अंगात रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे, सलाईननं रक्त वाढत नाही. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग सुई तरी टोचा."

चौथ्या-पाचव्या गुरुवारी फरक पडला. औषधाचा गुण आला म्हणून नव्हे. आम्ही परत आलो म्हणून. टोळीतली एक बाई लांब उभी राहून तीन आठवडे नुसती बघत होती. चौथ्या आठवड्याला आली आणि आधी आम्हालाच तपासलं, "पुढच्या बिस्तरवारी हायसा का?" आहोत म्हटल्यावर मग दंड पुढे केला. तिसरा महिना चाललेली, बीपी वाढलेलं, पाय सुजलेले. ती केस आमच्या ओट्याची नव्हतीच. मॅडमनी चिठ्ठी लिहिली, सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन बारामतीच्या महिला रुग्णालयात गेल्या. मी मुकादमाकडे गेलो. माझ्या वयाचा मान ठेवला म्हणा किंवा आणखी काही, त्या दिवसाचा खाडा त्यानं लावला नाही. या सगळ्यात आमच्या खिशातून गेलं काय, तर सिस्टरांचं आणि तिचं एसटीचं तिकीट.

वहीचं सांगायला हवं. तिच्यात नाव, टोळीचं गाव, मुकादमाचा फोन, बीपी, साखर आणि तीस गोळ्या कधी दिल्या त्याची तारीख. बस. दर गुरुवारी निघण्याआधी मी मागची पानं चाळतो: कोणाच्या गोळ्या संपत आल्या आणि कोण आलं नाही. मग फोन. "मावशी, गोळ्या संपल्या असतील." पलीकडे आधी शांतता, मग हसू. आपली गोळी संपली हे कुणीतरी लांबून मोजतंय याचं तिला हसू येतं. मार्चमध्ये टोळी निघते तेव्हा दोन महिन्यांच्या गोळ्या आणि एका कागदावर औषधाचं नाव, मात्रा, शेवटचं बीपी असं लिहून देतो, तिकडच्या आरोग्य केंद्रात दाखवायला. पुढच्या हंगामाला काही कागद परत येतात, त्यांच्यावर तिकडच्या कंपाउंडरचं अक्षर असतं. ते अक्षर बघून मला जो आनंद होतो तो पगारवाढीच्या आदेशानंही कधी झाला नव्हता. काही कागद येत नाहीत. काही माणसंच येत नाहीत, टोळी दुसऱ्या कारखान्याला गेलेली असते.

कुणी म्हणेल, हे काम सरकारचं आहे. आहेच. ३१ वर्षं सरकारचा पगार खाऊन मी दुसरं काय म्हणणार? स्वयंसेवकांनी सरकारी दवाखान्याला पर्याय व्हायला जाऊ नये. ती ऐपतही नाही आणि तो हेकाही बरा नव्हे. माझा आग्रह उलटा आहे. स्वयंसेवकानं माणसाला सरकारी खिडकीपर्यंत नेऊन सोडावं, खिडकीतून तीस गोळ्या मिळतात की नाही ते बघावं, नाही मिळाल्या तर तिथं जाऊन भांडावं. आणि पुढच्या वेळी हजर राहावं. आमच्या ओट्यावरच्या गोळ्या हा मधल्या काळाचा आधार आहे. ज्या दिवशी आरोग्य केंद्राची ओपीडी हंगामात आठवड्यातून एक दिवस रात्री नऊपर्यंत चालेल, त्या दिवशी मी माझी वही आनंदानं तिथल्या सिस्टरांच्या हातात देईन.

आणि हे काही आम्ही शोधलेलं नाही. जामखेडला आरोळे पती-पत्नींनी १९७० मध्ये काम सुरू केलं ते गावातल्या बायकांना शिकवून, म्हणजे जी बाई उद्याही गावातच असणार तिच्या हातात देऊन. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढूला बानू कोयाजींनी तेच केलं. तिघांनाही मॅगसेसे मिळालं, त्याची पोस्टरं आमच्या प्रशिक्षणात लावायचे. अमेरिकेतली एक गोष्ट मात्र मला अलीकडे कळली आणि ती बारामतीला फार जवळची वाटली. साउथ कॅरोलायना राज्यात हिल्टन हेड नावाचं बेट आहे. गोल्फची मैदानं, हॉटेलं, पैसेवाल्यांची घरं. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांना विमा नाही, आणि त्याच बेटावर निवृत्त डॉक्टर सकाळी गोल्फ खेळताहेत. त्यांतल्याच जॅक मॅकॉनेल नावाच्या डॉक्टरनं १९९४ मध्ये बाकीच्यांना गोळा करून फुकट दवाखाना उघडला. अडचण परवान्याची होती. राज्यानं निवृत्तांना विनामोबदला सेवेसाठी वेगळ्या परवान्याची सोय करून दिली. तो दवाखाना शिबिर नव्हता. त्याला इमारत होती, वेळापत्रक होतं, प्रत्येक डॉक्टरचा दिवस ठरलेला होता. मग तसे दवाखाने इतर गावांतही निघाले.

बारामतीत निवृत्त डॉक्टर कमी आहेत का? एके काळी दोन-चार दवाखाने असलेल्या या गावात आज रस्तोरस्ती रुग्णालयं आहेत. २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, वर्षाला शंभर मुलं तिथं डॉक्टर व्हायला येतात. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यानं काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीचा पाठपुरावा करायचा असतो. ती कुटुंबं पक्क्या घरातलीच कशाला हवीत? नोव्हेंबरात कोप्या पडल्या की एकेका विद्यार्थ्याला एकेक कोपी द्या. मुलांना जे पुस्तकात सापडणार नाही ते तिथं सापडेल. उदाहरणार्थ, "दिवसातून तीनदा जेवणानंतर" असं लिहिताना समोरचा माणूस दिवसातून किती वेळा जेवतो हे आधी विचारावं लागतं.

शिबिरं घेणाऱ्यांनाही एक विनंती. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, दोन्ही तालुक्यांत वर्षभर शिबिरांची कमी नसते. घ्या, जरूर घ्या. मोतीबिंदूसाठी ते उत्तमच. डोळा तपासला, गाडीत बसवून पुण्याला नेलं, ऑपरेशन करून घरी सोडलं, काम पुरं झालं. पण बीपी-साखरेचं शिबिर घेणार असाल तर मंडपाच्या खर्चातून आधी तीस-तीस गोळ्या बाजूला काढा, आणि फ्लेक्सवर "इतक्या हजार रुग्णांची तपासणी" छापण्याऐवजी पुढच्या महिन्याची तारीख छापा. मग त्या तारखेला किती परत आले ते मोजा. तो आकडा लहान येईल. छापायला लाज वाटेल इतका लहान. आमचाही लहानच आहे: गेल्या हंगामात वहीत जी नावं चढली त्यांतली निम्मीसुद्धा तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकली नाहीत. पण तो आकडा खरा आहे आणि कुठं चुकतंय ते तोच सांगतो.

परभणीच्या आजी त्यानंतर एकदा भेटल्या. मॅडमनी त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावानं चिठ्ठी दिली होती आणि मी तीस गोळ्या. या खेपेला पाकीट रिकामं होतं, आणि तिकडचं कार्डही होतं, दर महिन्याच्या तारखा टाकलेलं. मधले दोन महिने कोरे होते. विचारलं तर म्हणाल्या, "तवा दवाखान्यात गोळ्याच नव्हत्या." मागच्या वारीला त्या दिसल्या नाहीत. त्यांच्या दिंडीतल्या एका बाईला विचारलं, तर "गुडघं धरलं म्हणून घरी ऱ्हायली" असं कळलं. मी तिच्या हाती पाकीट पाठवलं, वर सूर्य काढून.

आता काम सांगतो. आमच्या डॉक्टर मॅडम दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला राहायला जाणार आहेत. त्यांचेही गुडघे धरलेत. सिस्टर आणि मी बीपी मोजू शकतो, वही ठेवू शकतो, फोन करू शकतो, सोबत जाऊ शकतो. औषध लिहून देऊ शकत नाही, आणि देऊही नये. बारामती, इंदापूर किंवा भिगवणला ज्यांनी आयुष्यभर प्रॅक्टिस केली आणि आता संध्याकाळी काय करायचं असा प्रश्न पडला आहे, अशा एका डॉक्टरची गरज आहे. मानधन नाही. चहा देवळाचे पुजारी देतात, गोड जास्त असतो. नोव्हेंबर ते मार्च, गुरुवारी सात ते नऊ. एका गुरुवारसाठी येणार असाल तर येऊ नका.